दोन बंदुकांमधलं अंतर

तुमच्यापैकी जे मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा ओंटारिओकडे राहतात, त्यांच्या ऑफिसात एखादा तरी सहकारी असतो, जो ऑक्टोबर उजाडला की भल्या पहाटे बदकांच्या शिकारीला जातो. त्याला एकदा विचारून बघा: तुमच्या आधीच दुसरी टोळी तळ्यावर येऊन बसली असेल, तर तुम्ही तिच्यापासून किती लांब बसता? तो लगेच उत्तर देईल. जो आधी आला त्याची जागा. नंतर आलेल्याने लांब जायचं, निदान दोन-अडीचशे पावलं तरी. पहिल्या टोळीकडे येणारी पाखरं मध्येच अडवायची नाहीत. यातलं बरंचसं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नसतं, पण मोडणाऱ्याची त्या तळ्यावर कायमची नाचक्की होते.

हाच प्रश्न तुम्ही इथे, इंगोलश्टाटच्या एखाद्या शिकाऱ्याला विचारलात, तर तो बुचकळ्यात पडेल. दुसरी टोळी? ती तिथे येईलच कशी?

या दोन उत्तरांमधल्या फरकाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी स्वतः शिकार करत नाही. माझं संशोधन जमीन आणि पाणी यांच्यावरच्या हक्कांच्या इतिहासाचं. पण त्या इतिहासात शिकारीइतका बोलका विषय दुसरा नाही. पीक, झाड, विहीर जागच्या जागी राहतात. बदक उडून जातं. जे उडून जातं त्याच्यावर माणसं हक्क कसा सांगतात हे पाहिलं की त्या समाजाची पुष्कळ माहिती मिळते.

आधी साधी गोष्ट: अंतर लागतंच कशाला? छऱ्याच्या बंदुकीने उडतं बदक नीट पडतं ते जेमतेम पस्तीस मीटरपर्यंत. पण छरे तिथे थांबत नाहीत. जर्मन शिकाऱ्यांना परीक्षेसाठी एक सोपा ठोकताळा शिकवतात: छऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला शंभराने गुणा, तेवढ्या मीटरपर्यंत धोका. म्हणजे तीन मिलिमीटरचा छरा तीनशे मीटरपर्यंत इजा करू शकतो. शिवाय एका बंदुकीचा आवाज झाला की पाण्यावरचा सगळा थवा उठतो आणि शेजाऱ्याची पहाट वाया जाते. तेव्हा माणसाच्या जिवासाठी अंतर हवं आणि भांडण टाळण्यासाठीही हवं. प्रश्न एवढाच उरतो की ते ठरवायचं कोणी.

इंगोलश्टाट तुम्हाला बहुधा औडीच्या कारखान्यामुळे माहीत असेल. किंवा १५१६ साली बिअर कशापासून बनवावी याचा प्रसिद्ध हुकूम इथून जाहीर झाला म्हणून, किंवा मेरी शेलीने आपल्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनला इथल्या विद्यापीठात शिकायला पाठवलं म्हणून. पण गाव मुळात नदीचं. शहरातून पश्चिमेला डॅन्यूबच्या काठाने निघालात, की नॉयबुर्गपर्यंत नदीकाठचं पूरक्षेत्रातलं जंगल लागतं. त्या जंगलात ग्रुनाऊ नावाचा छोटा महाल आहे. नॉयबुर्गचा राजपुत्र ओटहाइनरिश याने १५३०च्या सुमारास आपली पत्नी सुझाना हिच्यासाठी तो बांधायला घेतला, शिकारीच्या मोसमात राहायला. आज त्याच महालात नदीकाठच्या जंगलाचा अभ्यास करणारं केंद्र आहे. ज्या खिडक्यांतून सरदार मंडळी सावजाची वाट बघत असतील, तिथून आता शाळेतली मुलं बीव्हरची करामत बघतात.

ओटहाइनरिशच्या काळात दोन टोळ्यांमधल्या अंतराचा प्रश्न जन्माने सुटलेला होता. जर्मन मुलखांत शिकारीचे दोन वर्ग होते, उच्च आणि नीच. हरीण, रानडुक्कर, मोठा रानकोंबडा हे राजाचं सावज. ससा, तितर, बदक हे खालच्या सरदारांचं. शेतकऱ्याचं काहीच नाही. त्याच्या वाट्याला हाके घालायचं वेठबिगारीचं काम आणि हरणांनी खाल्लेलं पीक. हे शब्द अजून गेलेले नाहीत. आजच्या जर्मन शिकार कायद्यातही ‘उच्च सावज’ आणि ‘नीच सावज’ अशी विभागणी आहे आणि बदक अजून नीच वर्गातच बसतं. जातीची उतरंड फक्त आपल्याकडेच असते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कायदा एकदा जरूर वाचावा.

याविरुद्धचा राग जुना आहे. १५२५च्या मार्च महिन्यात, इथून नैर्ऋत्येला असलेल्या मेमिंगेन गावात बंडखोर शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमं लिहून काढली. त्यातलं चौथं कलम शिकारीचं आहे. गरीब माणसाला सावज, पाखरू आणि वाहत्या पाण्यातला मासा धरायची मनाई असणं हे देवाच्या शब्दाला धरून नाही, असं त्यात म्हटलं होतं. बंड चिरडलं गेलं, हजारो शेतकरी मारले गेले. पण कलम लोकांच्या मनातून गेलं नाही. अडीचशे वर्षांनंतर याच भागात माथियास क्लोस्टरमायर नावाचा एक चोरटा शिकारी होऊन गेला. लोक त्याला बव्हेरियाचा हीझल म्हणत. टोळी जमवून तो राजेसरदारांची हरणं मारायचा आणि शेतकरी त्याला लपवायचे, कारण प्रत्येक मेलेल्या हरणामागे त्यांचं थोडं पीक वाचत होतं. १७७१ साली डॅन्यूबकाठच्या डिलिंगेनमध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आपल्याकडे उमाजी नाईकांच्या आठवणी जशा पुरंदरच्या परिसरात जपल्या गेल्या, तशी हीझलची गाणी आणि गोष्टी इथे अजून सांगतात.

मग १८४८ आलं. क्रांतीच्या त्या वर्षात बव्हेरियात आणि बहुतेक जर्मन राज्यांत दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा हक्क गेला. फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेने तर तो मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला: ज्याची जमीन, त्याची शिकार. तीनशे वर्षांची मागणी पूर्ण झाली.

आणि इथेच अंतराचा प्रश्न नव्याने उभा राहिला. तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला हे चटकन कळेल. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे किती बारीक होतात ते आपण पाहिलेलं आहे. बव्हेरियातही शेतं अशीच लांबट आणि चिंचोळी होती. आता प्रत्येक तुकड्याचा मालक बंदूक घेऊन आपापल्या बांधावर उभा राहायला मोकळा. पस्तीस मीटर मारा आणि तीनशे मीटर धोका असलेली बंदूक, आणि शेताची रुंदी कदाचित वीस मीटर. पुढच्या दोन वर्षांत सावज झपाट्याने कमी झालं आणि माणसांच्या सुरक्षिततेची ओरड सुरू झाली.

त्यावर काढलेला तोडगा आजतागायत चालू आहे. १८५० साली आधी प्रशियाने आणि लगोलग बव्हेरियाने शिकारीच्या हक्काचे दोन भाग केले. शिकारीचा हक्क जमीनमालकाचाच राहिला, पण तो बजावण्याचा, म्हणजे प्रत्यक्ष बंदूक घेऊन जाण्याचा, अधिकार सलग आणि पुरेशा मोठ्या क्षेत्रालाच मिळू लागला. अशा क्षेत्राला ‘रेव्हिअर’ म्हणतात. आपल्या शब्दांत शिकारीचं शिवार. बव्हेरियाच्या सपाट प्रदेशात स्वतःचं शिवार हवं असेल तर साधारण २४० टागवेर्क जमीन लागे. टागवेर्क म्हणजे एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन, सुमारे ३,४०० चौरस मीटर. बव्हेरियाच्या कायद्यात किमान क्षेत्र ८१.७५५ हेक्टर असं विचित्र दशांशात लिहिलेलं आहे, त्यामागे ही जुनी नांगरट आहे.

ज्यांच्याकडे एवढी जमीन नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांनी काय करायचं? गावातल्या सगळ्या लहान मालकांची मिळून एक मंडळी बनते. तुम्ही जमीन घेतलीत की आपोआप सभासद झालात, विचारायची गरज नाही. या मंडळीने सगळ्यांच्या जमिनी मिळून शिकारीचं एक शिवार करायचं, ते बहुधा कोणा एकदोघांना भाडेपट्ट्याने द्यायचं, आणि भाडं वाटून घ्यायचं किंवा गावाच्या पाणंद रस्त्यांवर खर्च करायचं. ठराव पास व्हायला दुहेरी बहुमत लागतं: हजर सभासदांची डोकीही जास्त हवीत आणि त्यांच्या नावावरची जमीनही. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिथे अशा दुहेरी बहुमताची कल्पना करून बघावी.

तेव्हा इंगोलश्टाटच्या शिकाऱ्याला तुमचा प्रश्न का कळत नाही ते आता लक्षात येईल. त्याच्या शिवारात दुसरी टोळी येऊच शकत नाही. जे येतात ते त्याचे पाहुणे, आणि कोणी कुठे उभं राहायचं हे तो किंवा त्याने नेमलेला प्रमुख सांगतो. सांगितलेली जागा शिंग वाजेपर्यंत सोडायची नाही. अंतर पावलांनी मोजावं लागत नाही, ते नकाशात आखून झालेलं असतं.

पण आपण मराठी माणसं, बांधाला बांध लागला की काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. सातबारा कितीही स्वच्छ असला तरी नांगराचा फाळ शेजाऱ्याचा बांध हळूच कोरतोच. इथेही शिवारांच्या हद्दीवरच शिष्टाचाराची खरी परीक्षा होते. हद्दीला चिकटून मचाण बांधणं, शेजाऱ्याच्या तळ्यावरची बदकं आपल्याकडे यावीत म्हणून काठावर धान्य टाकणं, याला चांगलं मानत नाहीत. सगळ्यात नाजूक गोष्ट असते ती पडलेल्या पाखराची. समजा तुम्ही तुमच्या हद्दीत बार काढला आणि जखमी बदक पलीकडच्या काठावर, शेजाऱ्याच्या शिवारात जाऊन पडलं. तुम्ही बंदूक घेऊन त्याच्या मागे जाऊ शकत नाही. त्यासाठी दोन शेजाऱ्यांमध्ये आधी लेखी करार झालेला असावा लागतो. जखमी जीव तडफडत राहू नये ही शिकाऱ्याची पहिली नीती, आणि हद्द ओलांडू नये ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी पाळायच्या तर शेजाऱ्याशी बोलणं राखावंच लागतं. कायद्याने रेघ आखून दिली तरी शेजारधर्म सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरिया अमेरिकेच्या ताब्यात आला तेव्हा या रेघा थोडा काळ पुसट झाल्या. जर्मनांना बंदुका जमा कराव्या लागल्या आणि त्यांच्या शिवारांत अमेरिकन सैनिक शिकार करू लागले. ते ज्या देशातून आले होते तिथे सावज कोणा जमीनमालकाचं नसतं, ते सगळ्या जनतेचं मानलं जातं. त्यांना हा प्रकार रोजचाच, इथल्या गावकऱ्यांना घरात घुसल्यासारखा. पुढे बंदुका परत मिळाल्या आणि शिवारांची पद्धतही पुन्हा रुळली. १९५२च्या राष्ट्रीय शिकार कायद्याने ती साऱ्या पश्चिम जर्मनीसाठी कायम केली.

आता जरा आपल्याकडे वळू. आपल्याकडे एकाच रानात दोन टोळ्या आल्या तर काय होत असे?

राजेरजवाड्यांचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: मानपान. त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण भरतपूरचं. पानिपतानंतर जखमी, उपाशी मराठ्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला तेच हे भरतपूर. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून व्हाइसरॉय आणि संस्थानिकांसाठी बदकांच्या शिकारी होत. शिकाऱ्यांसाठी पाण्यात जागोजागी आडोसे केलेले असत. ते असे विखरून ठेवलेले की थवा एका बाजूने उठला की दुसऱ्या बंदुकीवर जावा आणि त्याला कुठेच टेकता येऊ नये. इथे अंतर दोन टोळ्यांची भांडणं मिटवण्यासाठी नव्हतं, पाखराला निसटू न देण्यासाठी होतं. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली गेली. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. कोरणाऱ्यांना त्याचा अभिमान होता.

पण दख्खनच्या माळावरचं उत्तर वेगळं होतं आणि ते कोणी दगडावर कोरलं नाही. ते आपल्यापर्यंत पोचलं १९८०च्या सुमारास कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या केलेल्या अभ्यासातून. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तिन्ही जमाती एकाच मुलखात फिरायच्या आणि तिघेही शिकार करायचे. तरी ते एकमेकांच्या आड फारसे येत नसत. पारधी नावाप्रमाणे फासे लावायचे, शिकवलेल्या गायीच्या आडोशाने काळविटाजवळ जायचे, तितर-लावे धरायचे. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसाहारी प्राणी आणि गोड्या पाण्यातले जीव धरायचे. नंदीवाले कुत्री आणि भाले घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. एकाच माळावर तीन टोळ्या असायच्या, पण सावज वेगळं आणि हत्यारही वेगळं. त्यांच्यामधलं अंतर जमिनीवर मोजता येत नाही.

गाडगीळ-मल्होत्रांचं म्हणणं असं, की ज्याला पिढ्यान्‌पिढ्या एकाच सावजावर जगायचं आहे तो ते संपवणार नाही, कारण दुसरं सावज त्याच्या वाट्याला नाही. यातला शहाणपणा मला पटतो. पण तुम्ही आणि मी हे वाचून सुखावण्याआधी एक आठवण ठेवायला हवी. ही वाटणी जातीने बांधलेली होती. पारध्याच्या मुलाला फासा सोडून नांगर धरायची मोकळीक नव्हती. पुढे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का बऱ्याच ठिकाणी राहिला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला, आणि शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. तो कायदा हवाच होता. भरतपूरचा दगड वाचल्यावर त्याबद्दल शंका राहत नाही. पण त्याने संस्थानिकाचा छंद गेला आणि पारध्याची भाकरी गेली, आणि या दोन्हींची भरपाई सारखीच झाली, म्हणजे काहीच नाही.

म्हणून मला वाटतं, कुठल्याही अंतराच्या नियमाला दोन प्रश्न विचारावेत. आत असलेल्यांची भांडणं तो मिटवतो का? आणि बाहेर कोणाला ठेवतो? अमेरिकन तळ्यावरचा ‘आधी येईल त्याची जागा’ हा नियम वरवर सर्वांना सारखा. पण ज्याला रात्रपाळी आहे, ज्याच्याकडे गाडी नाही, तो आधी येणार कसा? बव्हेरियाचं शिवार सुरक्षित आणि शिस्तीचं. पण ज्या शेतकऱ्यांच्या नावाने १८४८ साली हक्क मिळवला, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती बंदूक आली नाही, भाड्यातला हिस्सा आला. आणि ज्याला आपल्या जमिनीवर शिकारच नको होती, त्यालाही मंडळीचं सभासद राहावं लागे. अशा एका जमीनमालकाने थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. शिकार आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य नाही, असं त्याचं म्हणणं होतं. २६ जून २०१२ रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी जर्मनीला कायदा बदलावा लागला. आता असा मालक अर्ज करून आपली जमीन शिवारातून बाहेर काढून घेऊ शकतो. दीडशे वर्षांनी का होईना, न मारण्याच्या हक्काचीही कायद्यात नोंद झाली.

या सगळ्या हिशेबात बदक कुठे आहे? त्याला शिवाराची हद्द कळत नाही आणि देशाचीही नाही. सायबेरियाच्या बाजूने निघालेले थापट्या आणि तलवार बदकांचे थवे भिगवणला उतरतात. त्यांच्याच जातभाईंचे दुसरे थवे युरोपात हिवाळा काढतात. त्यामुळे गेल्या पन्नास वर्षांत नियमांचा रोख बदलला आहे. १९७१चा रामसर करार पाणथळींसाठी झाला, १९७९ साली युरोपने पक्ष्यांसाठी सामाईक कायदा केला. १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय संघात पाणथळीत आणि तिच्या भोवतीच्या शंभर मीटरांत शिशाचे छरे वापरायला बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छरे खडे समजून बदकं गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणजे आजवर आपण दोन बंदुकांमधलं अंतर मोजत होतो, आता बंदूक आणि पाणी यांच्यामधलं मोजू लागलो.

इंगोलश्टाटजवळच्या धरणांच्या फुगवट्यावर हिवाळ्यात आणखी एक मंडळी दिसतात. अंगावर जाड कोट, तिवईवर दुर्बीण, हातात वही. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे. तिचा आशियाई भाग १९८७ पासून, आणि दर जानेवारीत नांदूर मधमेश्वरला, भिगवणला आपले लोकही अशीच थंडीत उभे राहून मोजणी करतात. त्यांनाही एकमेकांपासून अंतर ठेवून उभं राहावं लागतं. प्रत्येकाला पाण्याचा आपापला पट्टा नेमून दिलेला असतो, म्हणजे एकच पाखरू दोन वह्यांत जायला नको. तुम्ही जिथे कुठे राहत असाल, तिथेही जानेवारीच्या मध्याला अशी मोजणी बहुतेक होते. जमीन नावावर असावी लागत नाही, बंदुकीचा परवाना लागत नाही, कोणत्या घरात जन्मलात ते कोणी विचारत नाही. पहाटे उठावं मात्र लागतं. थंडीचे कपडे घाला, आणि शक्य असेल तर बरोबर थोडा जास्तीचा चहा न्या. शेजारच्या पट्ट्यातला माणूसही कुडकुडत असतो.